गाऱ्हाण्यातला ठराव

नारळी पौर्णिमेच्या दिवशी दुपारचे दोन वाजले तरी भाईंच्या घरात कोणी जेवले नव्हते, आणि ह्याला कारण एकटी आनंदी होती.

निदान जानकीवहिनीचे म्हणणे तसे होते. नारळी भात पातेल्यात झाकून ठेवलेला, करंज्या परातीत, काळ्या वाटाण्याचे सांबार दोनदा गरम करून झालेले. भाई माजघरात नवा सदरा घालून पाटावर बसले होते. आनंदीने राखी बांधल्याशिवाय त्या दिवशी घास तोंडात घालायचा नाही हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. आणि ते जेवले नाहीत तर घरातले दुसरे कोणी जेवणार नाही, हा वहिनीचा नेम. तबक तयार होते, निरांजनातली वात तेलात भिजून पडली होती, आणि आनंदी पडवीतल्या बाकड्यावर मच्छीमार संस्थेची इतिवृत्ताची वही मांडीवर घेऊन दगडासारखी बसली होती.

अठ्ठावन्न वर्षांची बाई. तीस वर्षे वाडीतल्या पोरांना बाराखडी शिकवून निवृत्त झालेली. लग्न केले नाही, भावाच्या घरातली दक्षिणेची खोली हेच तिचे घर. वाडीत सगळे तिला ‘बाई’ म्हणत. मुंबईच्या वर्तमानपत्रांत मात्र तिला ‘एक जागरूक वाचक, मालवण’ म्हणून ओळखत, कारण जगातला कुठलाही राष्ट्राध्यक्ष आपल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकी, आणि आठवड्याच्या आत आनंदीचे पत्र संपादकांकडे रवाना होई. अमेरिकेच्या अध्यक्षाने लोकांचे फोन चोरून ऐकले, तेव्हा तिने दोन पत्रे लिहिली. ह्या वर्षी मार्चमध्ये शेजारच्या देशातल्या लष्करी अध्यक्षाने थेट सरन्यायाधीशालाच घरी बसवले, तेव्हा तर तिला दोन रात्री झोप नव्हती. ‘खुर्चीवर बसलेल्या माणसाला खुर्ची आपल्या बापाची वाटू लागली की समजावे, आता त्याला उठवण्याची वेळ झाली,’ असे तिने लिहिले होते. छापून आल्यावर भाईंनी ते पत्र पडवीत बसून चार माणसांना मोठ्याने वाचून दाखवले. ‘बघलास माझ्या भैणीक? तकडे जनरल हादरलो आसतलो!’ तिची सगळी कात्रणे ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फळीवर ठेवत.

आणि आज तीच आनंदी स्वतःच्या घरातल्या अध्यक्षासमोर, भाईंसमोर, जायला धजत नव्हती.

झाले होते ते असे. सकाळी वाडीतली सगळी माणसे वाजतगाजत रामपुरुषाच्या देवळात जमली. दर्याला नारळ द्यायच्या आधी तिथे गाऱ्हाणे, आणि मग मांडवातच रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासे धरणाऱ्यांच्या, संस्थेची वार्षिक सभा, हा दर वर्षीचा क्रम. गाऱ्हाणे घालणारे नाना, भाईंचे चुलते, ब्याऐंशी वर्षांचे. ह्या वर्षी म्हाताऱ्याचा सूर काही और लागला होता.

“बा देवा रामपुरुषा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” दोनशे गळे.

“आज सालाबादप्रमाणा तुझ्या लेकरांनी मेळ करून तुका हाक मारली आसा रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“होडयेक वारो दी, जाळयाक मासळी दी, कोणाची वाकडी नजर आसात ती खाडयेपलीकडे धाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्यो जो सत्यवान आमचो अध्यक्ष, तेका जल्मभर त्याच खुर्चेर ठेव, संस्थेचो सगळो कारभार तेच्या एकट्याच्या हातान चलांदे, आणि तेच्या शब्दाभायर कोण जायत तर तेका सुबुद्दी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मांडव दणाणला. सत्यवान म्हणजेच भाईंनी डोळे पुसले. हात जोडून उभ्या असलेल्या आनंदीनेही खणखणीत आवाजात “व्हय म्हाराजा” म्हटले. गाऱ्हाण्यात दुसरे काय म्हणतात? तिथे कोणी विचार करून बोलत नाही, जीभच आपली बोलून जाते.

मग दहा मिनिटांत सभा आटोपली, नारळ दर्यात गेला आणि सगळे घरी आले. संस्थेचा सचिव भाईंचाच मुलगा सुदेश. त्याचे अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेले अंगण, म्हणून सभेचे इतिवृत्त वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचे काम पहिल्यापासून आनंदीकडे. पाटापाशी तबक लावून ती सहज सुदेशचा कच्चा कागद वाचायला पडवीत आली आणि चौथ्या ठरावाशी थबकली.

‘ठराव क्र. ४. संस्थेचे विद्यमान अध्यक्ष श्री. सत्यवान यांना तहहयात अध्यक्ष करण्यात येत असून संस्थेचे सर्व अधिकार त्यांच्या एकट्याच्या सहीने वापरले जातील. सूचक, श्री. नाना. अनुमोदक, उपस्थित सर्व सभासद. सर्वानुमते मंजूर.’ खाली भाईंची सही. सहीची शाई ओलीच होती म्हणा ना.

“सुदेश!” तिने हाक मारली. “ह्यो ठराव कधी झालो रे?”

सुदेश करंजी खात बाहेर आला. तेवढी एक त्याने आईची नजर चुकवून उचलली होती. “गाऱ्हाण्यात नाय काय! नानांनी मांडलो, सगळ्यांनी व्हय म्हटल्यानी.”

“अरे मेल्या, ता देवाक सांगलेला!”

“देवाक सांगलेला, पण म्हटला तर सभासदांनीच ना? दोनशे माणसां. कोण गप रवला? आते, तू पण म्हटलंस. मी बघलंय. माझ्या उजवीकडेच होतंस तू.”

आनंदीने ठराव पुन्हा एकदा वाचला. पोरगा लहानपणापासून असाच, आपल्या सोयीचे असेल तेवढे नेमके पाहणारा. पण ह्या वेळी त्याने खोटे काहीच सांगितले नव्हते, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. पोटनियमाप्रमाणे अध्यक्षाला पाच-पाच वर्षांच्या दोन मुदती. भाईंची ही पाचवी सुरू झाली होती. दर वेळी ‘सगळ्यांचा आग्रह’ म्हणून वाढवलेली, आणि दर वेळी तिने स्वतःच्या वळणदार अक्षरात वहीत उतरवलेली. परदेशातल्या अध्यक्षांची वर्षे ती बोटांवर मोजायची, घरच्या अध्यक्षाची तिने कधी मोजलीच नव्हती.

आणि कशाला मोजेल? भाईंनी संस्थेचा एक पैसा कधी घरात आणला नाही. ट्रॉलरवाले किनाऱ्याला येऊन जाळी ओढू लागले तेव्हा हा माणूस छातीभर पाण्यात उभा राहिला होता. रापणीच्या मासळीत बाईमाणसाला वाटा द्यायचा नाही असा रिवाज असताना बापाच्या वाट्यातला अर्धा त्यांनी भांडून आनंदीच्या नावे लावला. तिचे सभासदत्व, तिचे मत, सगळे त्यांच्यामुळे. असल्या माणसाला कोण म्हणणार, की उठ?

हे सगळे मनात घोळत असतानाच रापणकर लवूची बायको शेवंती आली. पुढच्या दाराने नाही, परसातून, पदर तोंडाला लावून.

“बाईंनू, आमचो वाटो बंद झालो.”

“काय?”

“आमच्या घरकारान दर्यार सुदेशाक इतक्याच विचारल्यान, ‘ह्या मतदान कधी झाला?’ भाई बाजूकच होते. म्हणाले, ‘तुका सुबुद्दी येवक व्हयी तर ह्या मोसमाक तुझो वाटो बंद.’ बस. कागद नाय, काय नाय.” शेवंतीचा आवाज फुटला. “उद्या पयली रापण. लवू जातलो खंय? गोयाक ट्रॉलरार खलाशी म्हणान?”

लवू आनंदीचा विद्यार्थी. वर्गातही तोच एक हात वर करून विचारायचा, आणि तीच त्याला शाबासकी द्यायची.

आनंदीने कच्चा कागद वहीत घालून वही मिटली. उठली मात्र नाही. तिची भीती तिला एकटीलाच ठाऊक होती. भाई ओरडले तर तिला काही वाटत नसे, ते दर दोन दिवसांनी कोणावर तरी ओरडत. भाई गप्प बसत, त्याची भीती. होडी परस्पर विकली म्हणून धाकट्या भावाशी ते नऊ वर्षे एक शब्द बोलले नव्हते, आणि बोलायला गेले ते थेट मुंबईच्या स्मशानात. तेव्हापासून आनंदी भावाला कधीच आडवी गेली नव्हती. ह्या वयात ती त्या घरात राहून भावाचा अबोला सोसू शकणार नव्हती. हे तिने स्वतःशी अगदी साफ कबूल केले. मग वही उचलली आणि माजघरात गेली.

“इलंस?” भाईंचा चेहरा उजळला. हात पुढे झाला. “बांध गो बाय, पोटात कावळे ओरडतत.”

“भाई, ह्या मी उतरवचंय नाय.” तिने वहीतला कच्चा कागद त्यांच्यापुढे ठेवला. “चौथो ठराव.”

“कित्याक?”

“कारण तो झालोच नाय.”

जानकीवहिनी पळी घेऊन दारात आली. “आधी जेवा, मगे काय ता भांडा,” ती म्हणाली. “भात थंड झालो.”

“लवूचो वाटो बंद केलंस तू?” आनंदीने विचारले.

“तेणा चार लोकांत माझ्या पोराक उलट विचारल्यान.”

“विचारल्यान. चोरी नाय केल्यान.”

सुदेश मध्ये पडला. “आते, तू कोणासमोर बोलतस ता तरी बघ! तुका शिकवक अकराव्या वर्षी रापणीची दोरी हातात घेतल्यानी त्यांनी. तेची तरी...”

“गप रे!” भाई एवढ्या जोराने ओरडले की वहिनीच्या हातातली पळी वाजली. “ता माझा आणि तिचा. तू त्यात तोंड घालू नको.”

आनंदीच्या डोळ्यांत चटकन पाणी आले. हाच तर घोळ होता. असा माणूस, आणि असा ठराव. वाईट माणसाशी भांडायला तिला मुळीच जड गेले नसते.

कोपऱ्यात नाना भिंतीला टेकून डुलक्या घेत होते. आरडाओरड्याने जागे झाले. “काय झाला रे सत्यवाना?”

“नानानू,” आनंदी त्यांच्याकडे वळली, “तुमी सकाळी संस्थेचो ठराव मांडलात?”

“ठराव?” म्हातारा गोंधळला. “मी कसलो ठराव मांडतंय? माका सही पण येणा नाय. मी देवाकडे मागलंय. पोरगो बरो आसा, तेका ठेव, म्हणान. देवाक काय वाटात ता तो करीत.” मग जरा थांबून, “मागच्या साली मी तुझ्या म्हशीक पण दीर्घायुष्य मागललंय. ता पण लिवलास काय रे सुदेशा?”

दारामागून हसण्याचा आवाज आला. सुदेशची बायको स्वप्ना, सावंतवाडीची, पोस्टात कामाला. सासऱ्यासमोर सहसा बोलत नसे. आता पदराने तोंड दाबूनच पुढे आली. “भाईंनू, राग मानू नकात. पण नानांनी कोणाक विचारूकच नाय तर अनुमोदन कसला? आमच्या पोस्टात असा झाला तर पयली चौकशी लागात.”

“तू पण?” सुदेश म्हणाला.

“मी पण व्हय म्हाराजा म्हटलंय,” स्वप्ना म्हणाली. “माका काय म्हायत, तुमी मोजतास ता?”

भाईंनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिले. सून, चुलता, पळी धरलेली बायको. मग आनंदीकडे. त्यांचा आवाज खाली आला, आणि तोच तिला नको होता.

“मगे मी तुझो तो जनरल काय? पत्र लिवतलंस माझ्यार?”

“जनरल माझो कोण लागता? तेच्यार चार ओळी खरडल्यो, पाकीट टाकला, मोकळी झालंय.” तिने वहीवर हात ठेवला. “तू माझो भाव. तुका तोंडार सांगूचा लागता. सकाळपासून त्या वहीवर बसलंय मी, भाई. धाडस होय नाय.”

“माका घाबरतंस?”

“तुझ्या गप रवण्याक घाबरतंय.”

ह्याचा अर्थ त्या माजघरात सगळ्यांना कळला. वहिनीने पळी खाली ठेवली. भाई बराच वेळ आपल्या रिकाम्या मनगटाकडे पाहत बसले. धाकट्याचे नाव त्या घरात कोणी काढत नसे, आणि आताही कोणी काढले नाही.

“बरा,” ते अखेर म्हणाले. “लवूचो वाटो उद्यापासून चालू. झाला?”

“नाय झाला.”

“आता काय?”

“सकाळी तुझी मर्जी गेली, तेचो वाटो बंद. दोपारी तुझी मर्जी इली, चालू. तेचो वाटो तुझ्या मर्जीत कित्याक रे? तो तेच्या बापाचो.”

भाईंनी दीर्घ श्वास घेतला. मग त्यांनी जे केले ते त्यांच्यासारख्या माणसालाच शोभले असते. हात आनंदीपुढे पालथा धरला आणि म्हणाले, “आज राखीचो दिवस. तू बांध, आणि ओवाळणीत मी तुका माझो राजीनामो दितंय. आत्ता. कागद हाड रे सुदेशा. बावीस वर्षांची खुर्ची, घे, तुका दिली!”

“अगो बाय!” वहिनीच्या तोंडून निघाले. स्वप्नाचे डोळे भरले. नानांनी “बरो आसा, बरो आसा पोरगो” म्हणत मान डोलावली. सुदेशसुद्धा कागद आणायला उठला. सगळ्या घराला वाटले, सुटले! एवढा मोठा मनाचा माणूस, आता आनंदीने राखी बांधायची, डोळे पुसायचे, आणि सगळ्यांनी एकदाचे जेवायला बसायचे.

आनंदीलाही क्षणभर तसेच वाटले. इतका गोड मोह तिला आयुष्यात झाला नव्हता. तबक दोन हातांच्या अंतरावर होते. पण तिने हात पुढे केला नाही.

“माका नको.”

“काय नको?”

“खुर्ची. ती तुझी नाय, भाई. माका दिवक तुका येणा नाय.”

“अगो, सोडतंय म्हणतंय ना!” भाई आता खरोखर चिडले. “धरली तरी तुका नको, सोडली तरी तुका नको! मगे व्हया तरी काय तुका?”

“सभा. चौदा दिवसांची नोटीस, सगळ्यांका. लवूक पण. तेच्या वाट्याचा काय ता पण थंयच ठरांदे. चौथो ठराव परत मांडूचो, आणि हात वर करून मोजूचे. देवळात नको, शाळेत. लोकांनी ठेवलो तर रव. उठ म्हटल्यानी तर उठ. आपल्याच मनान बसूचा नाय आणि आपल्याच मनान उठूचा नाय.”

“आणि माका कोणीच नको म्हटल्यानी तर?”

“तर माझ्या बाजूक पडवीत बसून पेपर वाच.”

भाई पाटावरून उठले, कोणाकडे न बघता मागच्या दाराने परसात गेले. विहिरीचा रहाट वाजला. बराच वेळ वाजत राहिला. घरात पाण्याची गरज कोणालाच नव्हती.

आनंदी पाटाजवळ तशीच उभी. वहिनी जवळ आली, आणि ज्या बाईने सकाळपासून तिच्या नावाने खडे फोडले होते, तिनेच तिच्या पाठीवर हात ठेवला. “माका चाळीस वर्षांत जमाक नाय ह्या,” ती हळूच म्हणाली. “तेंका नाय म्हणूक.” आनंदीचे सगळे लक्ष रहाटाकडे होते. तो थांबला की काय होईल, ते तिला माहीत नव्हते. भाई मागच्या वाटेने दर्यावर जातील, रात्री येतील, उद्या ‘जानकी, तिका सांग’ असे वहिनीच्या तोंडून बोलतील. नऊ वर्षे. तिची आता नऊ वर्षे उरली होती की नाही, कोण जाणे.

रहाट थांबला.

भाई आत आले ते तोंड धुऊन, केसांवरून पाणी निथळत. पाटावर बसले. सुदेशने आणलेला कोरा कागद त्यांनी आनंदीकडे सरकवला.

“लिव,” ते म्हणाले. “ह्येचा अक्षर लोकांका वाचूक येवचा नाय.”

आनंदी खाली बसली. तबक बाजूला सारून तिने नोटीस लिहिली, तारीख घातली, जागा शाळा लिहिली. भाईंनी दोनदा वाचली, सही केली, आणि परसात थांबलेल्या शेवंतीला हाक मारली. “गो शेवंते! ही पयली लवूक दाखय. आणि सांग तेका, सभेक ये आणि काय विचारूचा ता सगळ्यांसमोर विचार. उद्या रापणीर पण येवक सांग. मी थंय तेका अडवूचंय नाय, सभा काय ता ठरवीत.” सुदेशला त्यांनी विचारलेही नाही. तो मान खाली घालून चौथ्या ठरावावर रेघ मारत होता.

मग आनंदीने निरांजन लावले आणि राखी बांधली. गाठ दोनदा सुटली. भाईंनी ओवाळणीत दर वर्षीसारखे नवे लुगडे आणि एक पेन दिले. तिच्या पत्रांसाठी. ते आधीच आणून ठेवलेले होते.

सगळे एकदम जेवायला बसले. नारळी भात गार झाला होता, तरी कोणी नाव ठेवले नाही. नानांनी तीन वेळा मागून घेतला. अर्धे जेवण झाल्यावर भाईंनी ताटातून मान वर न करता विचारले, “आनंदे, खरा सांग. माझ्या विरोधात किती हात वर जातले?”

पंक्तीतले सगळे जेवायचे थांबले.

“बाकीच्यांचा माका ठावक नाय,” आनंदी म्हणाली. “एक मात्र जातलो.”

भाईंनी तिच्याकडे पाहिले. ज्या माणसाने भांडून तिला ते मत मिळवून दिले होते, तोच माणूस तिच्या उजव्या हाताकडे पाहत होता. मग त्यांनी पातेले स्वतः ओढले आणि भाताची मोठी पळी तिच्या पानात वाढली.

“मगे नीट वर कर हां,” ते म्हणाले. “भाव म्हणान अर्धो नको. मोजताना माका दिसाक व्हयो.”